खोटा खडक, खरी चिठ्ठी

आमच्या दुकानात रंग, खिळे, जाळी, पाइप, सिमेंट असे बांधकामाचे सामान मिळते. गेल्या हिवाळ्यात आठवीतली मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, "अब्बा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला एक खडक हवा."

मी हसलो. "बेटा, अक्कलकुव्यात दगडाला काय तोटा? सातपुडा दाराशी उभा आहे."

"खरा नको, खोटा हवा. आतून पोकळ. खडकात पाणी कुठे थांबतं आणि झरा कुठून फुटतो, ते दाखवायचं आहे."

तिचे म्हणणे बरोबर होते. आपल्याकडचा काळा दगड एक घनफूट घेतला तरी ऐंशी किलोच्या आसपास भरतो. तिला दोन फूट लांब आणि दीड फूट उंच खडक हवा होता. खरा उचलायचा तर चार-पाच गडी लागले असते, आणि त्याच्या आतले दिसले नसतेच.

आधी खरा खडक नीट पाहावा म्हणून एका रविवारी आम्ही मोलगीच्या रस्त्याने देवगोई घाटात गेलो. या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन, पण रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापुढे थांबून पाहिले ते त्या दिवशी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच थरांवर वसला आहे. आपल्या नंदुरबार-धुळे भागात तर लाव्हा उभ्या भेगांतच थिजून तयार झालेल्या लांबलचक दगडी भिंती जागोजागी दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात.

मुलीने वहीत लिहून घेतले. एकसंध, घट्ट थर पाणी खाली जाऊ देत नाही. झिजलेला, भेगाळलेला थर पाणी धरून ठेवतो. असे दोन थर जिथे भेटतात आणि तो सांधा डोंगराच्या उतारावर उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. पाणी धरणारा थर पातळ असला की पावसाळ्यात भरलेली विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. मग बायकांना हंडे घेऊन लांब चालावे लागते. हे सारे तिला एका खडकात दाखवायचे होते.

तिने मला आणखी एक गोष्ट दाखवली. काळा दगड काळा नसतोच. ताज्या फुटलेल्या बाजूला तो करडा असतो, ऊन-पाऊस खाल्लेल्या बाजूला तांबूस. भेगांत चुनखडीची पांढरी रेघ असते, सावलीकडे शेवाळ. कुठे कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटलेले, तर कुठे बारीक पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकणारे.

घरी आल्यावर काम सुरू झाले. बांबूच्या कामट्या तारेने बांधून सांगाडा केला. त्यावर कोंबडीची जाळी ठोकून, दाबून उंचसखल आकार दिला. वर गोणपाटाच्या पट्ट्या पातळ कालवलेल्या सिमेंटमध्ये बुडवून चिकटवल्या. ते वाळल्यावर लगद्याची पाळी आली. माझ्या आईने जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा केला आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी घातली. तिच्या लहानपणी अशाच लगद्याच्या टोपल्या घरात असत. मेथीने लगदा घट्ट धरतो आणि कीड लागत नाही, असे ती म्हणाली. लगदा ओला असतानाच मुलीने घाटातून आणलेला दगडाचा तुकडा त्यावर जागोजागी दाबला. खऱ्या दगडाचा खडबडीतपणा खोट्यावर उमटला. चाळलेली वाळू भुरभुरली. पोकळ्यांत तुरटीचे बारीक खडे बसवले.

मागची बाजू तिने उघडी ठेवली. आत भेगाळलेल्या थरासाठी स्पंज आणि घट्ट थरासाठी प्लास्टिकचा तुकडा लावला. वरून पेलाभर पाणी ओतले की स्पंज भिजे आणि थोड्या वेळाने पुढच्या भेगेतून थेंब थेंब झरा सुरू होई. पहिल्यांदा तो झरा फुटला तेव्हा दादी, नात आणि सून, तिघींनी एकदम टाळ्या वाजवल्या.

कुरआनात सूरह बकरामध्ये (२:७४) कठोर झालेल्या मनांची तुलना दगडाशी केली आहे. काही दगड असे असतात की ते फुटून त्यांतून पाणी वाहते, म्हणजे तसली मने दगडाहूनही कठीण, असा त्याचा आशय. आईने त्या आयतीची आठवण काढली. मी मान डोलावली, पण माझे लक्ष रंगाकडे होते.

मुलीने पहिला हात काळ्या ऑइल पेंटचा दिला होता. तो चकाकत होता. खडक कसला, पावसात भिजलेली म्हैस दिसत होती. ती खट्टू झाली. "उद्या मी पुन्हा करते," म्हणाली आणि झोपायला गेली. प्रदर्शनाला दोनच दिवस उरले होते.

इशाची नमाज पढून मी परत आलो आणि ब्रश हातात घेतला. रंग हा माझा धंदा आहे. आधी चकाकी घासून काढली. गडद करड्या रंगाचा हात दिला. पाण्यासारखा पातळ काळा रंग भेगांत सोडला आणि वरचा फडक्याने पुसून घेतला. ते वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका करडा रंग फक्त उंचवट्यांवरून फिरवला. गेरूचा तांबूस हात, थोडी पिवळी माती, चुन्याची एखादी रेघ, तळाशी हिरवट झाक. रात्री दीड वाजता माझ्यासमोर देवगोई घाटातला खडक होता. मलाच हात लावून पाहावासा वाटला.

सकाळी मुलगी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. "छान झालाय," एवढेच म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी कमी होते, पण ते माझ्या लक्षात आले नाही. उलट मी तिला बजावले, "कोणी विचारलं तर सांग, सगळं मीच केलं. सगळीच मुलं तसं सांगतात."

प्रदर्शनात खडकाभोवती गर्दी झाली. लोक बोटाने ठोकून पाहत होते. परीक्षक आले. पाण्याचा प्रयोग त्यांना आवडला. मग त्यांनी विचारले, "हा रंग कसा जमवलास?"

मी दोन हातांवर उभा होतो. मुलीने माझ्याकडे पाहिले, मग चिठ्ठीवर लिहिलेल्या स्वतःच्या नावाकडे. म्हणाली, "सर, रंग माझ्या अब्बांनी दिला. माझा बिघडला होता. आतले थर मी केले, लगदा दादीने केला." आणि पेन काढून चिठ्ठीवर खाली तसे लिहूनही टाकले.

बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळाले. त्याचे मला काही वाटले नाही. वाटले ते स्वतःबद्दल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात एका धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालतात, आतले धान्य ओले लागते, आणि ओले धान्य वरच का ठेवले नाही असे ते विक्रेत्याला विचारतात. ही हदीस मी दुकानातल्या पोरांना किती वेळा ऐकवली असेल. डब्याला पोचा आला असेल तर तो गिऱ्हाईकाकडे करून ठेवा, असे मीच सांगतो. आणि घरी मीच वर सुके आणि खाली ओले ठेवायला निघालो होतो.

खोटा खडक करण्यात खोटेपणा नव्हता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, निसर्गविभागात काचेआड प्राणी-पक्षी त्यांच्या परिसरासह मांडलेले आहेत. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९२६ साली याच विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून लोकांना ते समजावून सांगत. तिकडे जर्मनीत हागेनबेक यांनी १९०७ साली हॅम्बुर्गजवळ प्राणिसंग्रहालय उघडले ते कृत्रिम डोंगर उभारूनच. संग्रहालयातल्या देखाव्याने कोणाची फसवणूक होत नाही, कारण तो देखावा आहे हे काच आणि पाटी सांगत असते. नक्कल शिकवण्यासाठी असते. आमच्या खडकाची उघडी पाठही तेच सांगत होती. खोटी ठरणार होती ती फक्त नावाची चिठ्ठी, आणि ती मी खोटी करायला सांगितली होती.

आपण आईबाप मुलांची हस्तकला, प्रकल्प, चित्रे रात्री जागून पुरी करतो. त्यामागे प्रेम असते, हे खरे. पण मुलाला त्यातून दोन गोष्टी समजतात: माझ्या हातचे चांगले नसते, आणि दुसऱ्याच्या हातचे आपले म्हणून दाखवले तरी चालते. म्हशीसारखा दिसणारा खडक या दोन्हींपेक्षा बरा होता. मी ब्रश कसा धरायचा ते दाखवायला हवे होते आणि मग ब्रश तिच्या हाती द्यायला हवा होता.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "बेटा, चुकलं माझं." ती म्हणाली, "अब्बा, मला कोरड्या ब्रशचं ते शिकवा."

सुटीत तिने खडकाची डावी बाजू घासून पुन्हा स्वतः रंगवली. गेरू जरा जास्त झाला आहे आणि एका ठिकाणी ओघळही आला आहे. आता तो खडक दुकानात काउंटरशेजारी असतो. गिऱ्हाईक येतात, ठोकून पाहतात, पोकळ आवाज आला की हसतात आणि विचारतात, "कोणी केला?" मी त्यांना ती चिठ्ठी वाचायला देतो. तिघांची नावे आहेत त्यावर, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने काय केले ते लिहिले आहे.