न दिसणारा मृग

भंडारा जिल्ह्यात मृग ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही; मृग पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल. हा जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागला की पऱ्हे टाकायचे, पुढे आर्द्रा-पुनर्वसूने साथ दिली तर बांध्यांत चिखल करून रोवणी उरकायची, हा इथला क्रम. मिरग निघाला, मिरग साधला, मिरग कोरडा गेला, अशी क्रियापदे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज असतात. पण 'सूर्य मृगात आला' या वाक्याचा अर्थच असा की, त्या दिवसांत ते तारे सूर्यासोबत उगवतात आणि सूर्यासोबत मावळतात. ज्या मृगाकडे शेतकरी डोळे लावून बसतो, तो त्या पंधरवड्यात आकाशात दिसतच नाही. तो दिसतो पौष-माघाच्या रात्री, धान घरी आल्यावर, जेव्हा त्याच्याकडे कुणाचे काहीच काम नसते.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. पुढल्या सत्रात आम्ही वर्गात 'आकाशाशी जडले नाते' या त्यांच्या पुस्तकाची पाने वाचायला घेतली, ती वैज्ञानिक गद्याचा नमुना म्हणून. गद्याबद्दल बोलायचे तेवढे बोलून झाले. परंतु विद्यार्थ्यांना गद्यात रस नव्हता, ताऱ्यांत होता. तेव्हा आम्हालाही वाचणे भाग पडले, आणि हिवाळ्यात गच्चीवर उभे राहून पाहणेही. वाङ्मयाच्या माणसांनी आकाशाकडे पाहिले तर त्यांना काय दिसते, याचे हे टिपण आहे.

आधी चित्राबद्दल. परंपरेने इथे एक हरिण पाहिले: चार कोपऱ्यांवरचे चार तारे हे पाय, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि आग्नेयेला झळाळणारा व्याध हा शिकारी. पण चित्र हे पाहणाऱ्याच्या धंद्यावर ठरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्रातील पंधराएक गोंड गावांत फिरून गोंडांचे आकाश नोंदवले. तिथे या ताऱ्यांत बाण नाही, नांगर आहे. आम्हाला हे वाचून फार आनंद झाला. ज्या नक्षत्रावर आमची शेती चालते त्यात नांगर पाहणारी दृष्टी ही शिकाऱ्याच्या गोष्टीपेक्षा आमच्या मातीला जवळची वाटली.

याच मृगावर लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला. वसंतसंपात मृगात असण्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात सापडतात, म्हणून ते वाङ्मय इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचे, असा त्यांचा युक्तिवाद. तो सर्वांनी स्वीकारला असे नाही. मात्र त्यामागचे गणित खरे आहे: पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. म्हणजे मृग लागण्याची तारीखही ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे जाते, पाऊस मात्र ऋतूंशी बांधलेला राहतो. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल. तेव्हाच्या शेतकऱ्याला म्हणी बदलाव्या लागतील. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'तही (१८९६) संपातांच्या या चालीचा सविस्तर विचार आहे. परंतु या सर्व विचारात तारे म्हणजे भिंतीतल्या खुंट्या. काळाचे कपडे त्यांच्यावर टांगायचे; खुंट्या आपल्या जागी पक्क्या. आपल्या भाषेलाही ही समजूत मानवते. ध्रुवाला आपण 'अढळ' म्हणतो, आणि 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहून जमिनी इनाम दिल्या गेल्या.

खुंट्या मात्र पक्क्या नाहीत. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, अंधाऱ्या रात्री, धुक्याचा एक पुसट ठिपका दिसतो. साध्या दुर्बिणीतून तो फिकट पांढऱ्या पिसासारखा वाटतो. हा मृगातील तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर, आणि तिथे आज, आत्ता, तारे तयार होत आहेत. ('आत्ता' हा शब्द तपासून घ्यावा लागतो, आपण पाहतो तो प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्रात बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती.) शून्याखाली अडीचशे अंशांहून थंड असलेला वायू आणि धूळ यांचा ढग कुठेतरी जरा दाट होतो; दाट झाला की त्याचे गुरुत्वाकर्षण वाढते, ते वाढले की तो आणखी दाटतो. आकुंचन पावताना तो तापतो आणि गरगरू लागतो. गाभ्याचे तापमान कोटीभर अंशांपर्यंत पोचले की हायड्रोजनच्या केंद्रकांपासून हेलियम होऊ लागते आणि त्या ऊर्जेच्या दाबामुळे आकुंचन थांबते. तारा म्हणजे ही थोपवाथोपवी. बाहेरून सारे आत ओढले जात आहे, आतून सारे बाहेर रेटले जात आहे, आणि दोन्ही समान आहेत तोवर तारा आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षे या तडजोडीवर उभा आहे आणि जवळपास तितकाच काळ अजून उभा राहील.

गरगरणारा ढग सगळाच ताऱ्यात जात नाही. उरलेला त्याच्याभोवती चपट्या चकतीसारखा पसरतो. धुळीचे कण एकमेकांना चिकटून खडे, खड्यांचे धोंडे, धोंड्यांचे ग्रह होतात. कांटने १७५५ साली आणि लाप्लासने १७९६ साली हे साधारण अशाच रूपात कल्पनेने मांडले होते. पण ते डोळ्यांनी दिसले १९९०च्या दशकात, आणि दिसले ते मृगातच: हबल दुर्बिणीला या तेजोमेघात नवजात ताऱ्यांभोवतीच्या अशा दीडशेहून अधिक चकत्या आढळल्या. आमच्या पऱ्ह्यांच्या नक्षत्रात ताऱ्यांचेही पऱ्हे टाकलेले आहेत, असे आमच्यापैकी एक जण वर्गात बोलून गेला. दुसऱ्याला ती उपमा जरा गोडच वाटली. असो.

त्याच मृगाच्या एका कोपऱ्यावर तांबूस तारा आहे. नक्षत्रमालिकेत ती आर्द्रा, मराठी खगोलग्रंथांत काक्षी. सूर्याच्या जागी हा तारा आणून ठेवला तर मंगळापर्यंतचे ग्रह त्याच्या पोटात जातील. त्याचे वय कोटीभर वर्षांच्या आसपास, म्हणजे सूर्यापुढे पोरवय. पण तो म्हातारा आहे. मोठ्या ताऱ्यांजवळ इंधन अधिक असते आणि ते ते उधळ्यासारखे जाळतात. हायड्रोजन सरला की हेलियम, मग कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन, असे करत गाभा लोखंडापाशी येतो. लोखंडाच्या केंद्रकातून आणखी ऊर्जा काढता येत नाही. थोपवाथोपवी संपते, गाभा क्षणात कोसळतो आणि बाकीचा तारा उधळला जातो. आर्द्रेचे हे होणार, कदाचित लाखभर वर्षांच्या आत. २०१९च्या अखेरीस ती अचानक मंदावली, तेव्हा साध्या डोळ्यांनाही तो फरक जाणवत होता आणि वर्तमानपत्रांनी तिचा शेवट जाहीर करून टाकला होता. पुढे निष्पन्न झाले की, तिने स्वतःच ओकलेल्या वायूची धूळ होऊन तिच्यासमोर पडदा आला होता.

इथे भाषेच्या मास्तरांना थोडे थांबण्याची मुभा असावी. मराठीने या अवस्थांना जी नावे दिली ती आम्हाला अतिशय आवडतात: तेजोमेघ, तांबडा राक्षसी तारा, श्वेतबटू, अतिनवतारा, कृष्णविवर. यांतला 'श्वेतबटू' तर विलक्षणच. सूर्यासारखा तारा शेवटी आपले बाह्य आवरण सोडून देतो आणि मागे पृथ्वीएवढा तप्त गोळा उरतो. तो विझत चाललेला निखारा, त्याला आपण मुंजीतल्या मुलाचे नाव दिले. आणि राक्षसानंतर बटू येतो, तेव्हा बळी आणि वामन आठवल्याशिवाय राहत नाहीत. नामकरण करणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. 'जन्म' आणि 'मृत्यू' या शब्दांबाबत आमच्यात मात्र एकमत नाही. एकाच्या मते हे शब्द ताऱ्यांना लावले की श्रोता नकळत प्रारब्धापर्यंत जातो. दुसऱ्याचे म्हणणे, या शब्दांवाचून 'तारे बदलतात' ही गोष्ट कुणाच्या मनात उतरणारच नाही.

श्वेतबटूची गोष्ट आमच्या जिल्ह्यापर्यंत येते. १९३० साली एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. प्रवासात त्याने केलेल्या गणितातून पुढे निघाले की, श्वेतबटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे, सूर्याच्या सुमारे १.४ पट. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत एखादा श्वेतबटू त्या मर्यादेजवळ पोचला तर त्याचा संपूर्ण स्फोट होऊ शकतो. अशा स्फोटांतून लोखंड विपुल तयार होते, आणि मँगनीजही. विश्वातल्या मँगनीजचा मोठा वाटा याच स्फोटांचा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे काळे खनिज बॅटरीच्या सेलमध्ये वापरले जाते. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील त्या खाणींत काम करतात. पितळी भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध होते, आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त; तेही ताऱ्यांतच घडलेले. हे धातू सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांचे. ते ज्या ढगात मिसळले त्या ढगापासून सूर्य आणि पृथ्वी झाली. पृथ्वीच्या कवचाच्या एका अतिप्राचीन खंडाला भूवैज्ञानिक बस्तर किंवा भंडारा क्रेटन म्हणतात. त्यात ३५० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आढळले आहेत. या पायथ्यापुढे सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा काळा पत्थर अगदी अलीकडचा.

एम.ए.च्या वर्गातील एक मुलगी हे सर्व ऐकून झाल्यावर आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, मूळ नक्षत्राचं पण सांगा ना." तिच्या साक्षगंधाची तारीख ठरली होती. मुलाकडच्यांनी पत्रिका पुन्हा कुणाला तरी दाखवली. मुलगी मूळावरची, सासऱ्याला वाईट, म्हणून निरोप आला. मुलगी नेट-सेटची तयारी करणारी, बोलण्यात ठाम. तरी तिने 'माझ्यात दोष आहे' असेच वाक्य वापरले. घरी आई रोज तेच बोलते, असेही सांगितले.

आम्ही तिला आकाशच सांगितले. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या नांगीतले तारे. आपल्या आकाशगंगेचे केंद्र, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवरचे, साधारण त्याच दिशेला आहे. तिथे ताऱ्यांची दाटी एवढी की पावसाळ्यात ढग फाटले तर तो भाग दुधाळ दिसतो. मूळावर जन्म याचा अर्थ इतकाच की, त्या दिवशी चंद्र आपल्या दृष्टीने त्या दिशेला होता. चंद्र पावणेचार-चार लाख किलोमीटरवर, त्याचा प्रकाश सव्वा सेकंदात पोचतो. मागचे तारे शेकडो प्रकाशवर्षे दूर. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. चंद्र सुमारे एक दिवस त्या नक्षत्रात असतो, म्हणजे जगातल्या दर सत्तावीस माणसांतले एक मूळावरचे. इतक्या सासऱ्यांचे काय होत असेल?

ती हसली, पण पटले नाही हे दिसत होते. मग आम्ही तिला नारळीकरांचीच दुसरी गोष्ट दिली. २००८ साली त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर, अशा दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के, नाणे उडवण्याहून किंचित कमीच. तिने तो लेख झेरॉक्स करून नेला आणि वडिलांना वाचून दाखवला. वडील म्हणाले, "आपल्याला पटलं, पण मुलाच्या बापाला कोण सांगन?" या प्रश्नाचे उत्तर खगोलशास्त्राकडे नाही आणि आमच्याकडेही नव्हते. लग्न फिसकटले ते फिसकटलेच. ती सध्या सेटच्या अभ्यासाला लागली आहे.

जानेवारीत गच्चीवर मृग दाखवला तेव्हा तीही आली होती. आर्द्रेचा स्फोट होणार हे ऐकून एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, "मग आर्द्राचा पाऊस?" आम्ही हिशेब सांगितला: स्फोट झाला तर काही महिने तो तारा चंद्रासारखा झळकेल, दिवसाही दिसेल, आणि मग हळूहळू नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होईल. मृगाचा एक पाय जाईल. पंचांगात मात्र २१-२२ जूनला आर्द्रा लागेल, आणि तिचे वाहन बेडूक की उंदीर तेही छापलेले असेल.