हरवलेला टेनर

वसईत आमच्या चर्चच्या गायकवृंदात मी टेनर गातो. टेनरांची तक्रार ठरलेली असते: चाल सोप्रानोंकडे, वजन बासकडे, आणि आम्ही मधला भराव. त्यामुळे बॉस्टनच्या ‘ब्लू हेरन’ या गायकसंचाने गायलेली निकोलस लडफर्डची ‘मिस्सा रेग्नुम मुंदी’ पहिल्यांदा ऐकली, तेव्हा कान टेनरकडेच गेले. नंतर वाचलं, की नेमका तोच आवाज मूळ हस्तलिखितात उरलेला नाही.

हे हस्तलिखित म्हणजे केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजकडची चार पुस्तकं. मूळची पाच. यात सगळे आवाज एकत्र लिहिलेले नाहीत. प्रत्येक आवाजाची वही वेगळी. एक वही गेली की सगळीच रचना लंगडी होते. इथे टेनरची गेली, वरच्या आवाजाचीही काही पानं गेली. आत ७२ रचना आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर कँटरबरी कॅथीड्रलची १५४१ मध्ये नव्याने घडी बसली. नवा गायकवृंद आला, त्याला गायला काहीतरी हवं, म्हणून या वह्या उतरवून घेतल्या गेल्या. पण १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं आणि पुढच्याच वर्षी जुनी लॅटिन उपासनेची पुस्तकं नष्ट करण्याचा कायदा आला. लडफर्ड वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्समध्ये होता. ती संस्था मोडली, त्याला पेन्शन मिळालं, आणि त्याच चॅपेलमध्ये पुढे कॉमन्स सभागृह भरू लागलं. जिथे लडफर्ड गायला, तिथे भाषणं!

आर्चबिशप क्रॅनमरने १५४४ मध्येच हेन्रीला लिहिलं होतं, की गाण्यात शक्यतो एका अक्षराला एकच स्वर असावा, म्हणजे शब्द नीट कळतील. लडफर्डकडे एकेका अक्षरावर तानाच ताना. तरी क्रॅनमरला खलनायक ठरवणं मला जमत नाही. माझ्या आजोबांना लॅटिन गाणी तोंडपाठ होती, अर्थ विचारला की हसायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आमच्याकडे मिस्सा मराठीत होऊ लागली आणि मला तिचा शब्दन् शब्द कळतो. आजोबांची गाणी मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्याबरोबर ती गेली.

पीटरहाउसचा टेनर पुन्हा लिहिला तो निक सँडन या अभ्यासकाने, कित्येक वर्षं खपून. त्या काळी टेनरकडे बरेचदा जुनी, ठरलेली उपासनेची धून असे. ती दुसऱ्या पुस्तकांतून सापडली की अर्धं काम झालं. जिथे ती नाही तिथे बाकीचे चार आवाज ऐकत बसायचं: हा आवाज कुणाला उत्तर देतोय, इथे कोणता स्वर रिकामा आहे? शेजारचा बास चुकला की आम्हीही असंच काहीतरी करतो, फक्त तेवढ्या अभ्यासाशिवाय.

आता ऐकताना मला जोड कुठे आहे ते ओळखू येत नाही. सुरुवातीला याचा थोडा रागच आला होता. उद्या एखाद्या माळ्यावर मूळ वही सापडली आणि तिच्यातला टेनर वेगळाच निघाला, तर सँडनच्या टेनरचं काय करायचं? मी तरी दोन्ही गाऊन बघेन.