मात्रा

मराठी भाषेने गळ्याला फार राबवले आहे. संकट गळ्याशी येते, नको ते काम गळ्यात पडते आणि आवडता मनुष्य गळ्यातला ताईत होतो. याच गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी बसलेली असते. ती सुजली तर तिच्या दुखण्याला 'गलगंड' हे नाव मिळते. ती थकली तर मात्र बोलीत तिच्यासाठी शब्दच नाही.

माझी ग्रंथी थकली तेव्हा लोकांनी दुसरे शब्द वापरले. ऐन एप्रिलात मी शाल पांघरून बसे. आवाज घोगरा झाला, केस गळू लागले, वजन वाढले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चाळिशी उलटली की असंच होतं." शेजारच्या वहिनींच्या मते हा सुखवस्तूपणा होता. मला धास्ती बसली ती वर्गात. अलंकार शिकवताना 'उत्प्रेक्षा' हा शब्दच आठवेना! ज्या शब्दांवर पोट भरते, तेच पाठ फिरवू लागले तर?

रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा 38 निघाला. डॉक्टरांनी समजावले, "मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला हाका मारते, त्यांचा हा आकडा. ती जितकी सुस्त, तितक्या हाका मोठ्या." चिरंजिवांना उठवण्याचा रोजचा अनुभव असल्यामुळे मला हे चटकन पटले.

उपाय एकच. ग्रंथी जे देत नाही, ते बाहेरून द्यायचे. 1891 साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका 46 वर्षांच्या बाईला टोचला; ती पुढे 28 वर्षे जगली. 1914 च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. आता ते कारखान्यात तयार होते आणि मेंढ्या सुटल्या आहेत.

पण औषध सापडले म्हणजे मात्रा सापडली असे नव्हे. हिशेब मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा! 50 ने थंडी गेली, मरगळ राहिली. 75 ने थोडे बरे वाटले. 100 वर छाती धडधडू लागली, झोप उडाली. अखेर 88 वर गाडी रुळावर आली. दर पायरीला सहा आठवडे थांबायचे, कारण हे औषध शरीरातून निम्मे ओसरायलाच आठवडा लागतो. "माझं तर 50 वर भागतं, तुला एवढं कशाला?" वहिनींनी विचारले. जणू मी वाणसामानात उधळपट्टी करत होते! गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या-पाऊण तासाने आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर. या सगळ्यांत चहाची वाट पाहणे सर्वांत कठीण, हे मी शपथेवर सांगेन.

मराठीच्या बाईला खरे तर मात्रेचे महत्त्व कुणी सांगायला नको. 'बल' या शब्दावर दोन मात्रा चढवा, बळ वाढत नाही. त्याचा बैल होतो! 'खेळ' मधली एक काढून घ्या, हाती नुसती खळ उरते. तेव्हा ज्याची त्याची मात्रा निराळी. ती शेजाऱ्याच्या गोळीवरून ठरत नाही, आपल्या रक्तावरून ठरते.

आता माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तिथल्या मुलांना याचा आनंद झाला आहे असे दिसत नाही. तुमच्या घरात कुणी भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसू लागले, तर 'वय झालं' म्हणण्याआधी त्यांचे रक्त तपासून घ्या. आळशी हे विशेषण लावायला पुढे आयुष्य पडलेले आहे.