सड्यावरचा दगड

शुक्रवारी रात्री रिलीज आटपून घरी पोचतोय तोच काकाचा फोन. "सड्यावरचा तुकडा चिरेखाणीला मागतायत. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, सही लागेल. येऊन जा."

बाबा गेल्यापासून माझं नाव तिथे लागलंय, एवढंच मला त्या जमिनीबद्दल ठाऊक. सड्यावर पिकत काहीच नाही. पावसाळ्यात गवत, एरवी नुसता कातळ. खरं सांगायचं तर पुण्याहून सही करायच्या तयारीनेच निघालो होतो. फ्लॅटचे हप्ते कोणाला चुकलेत?

कुंभार्ली घाटात चहाला थांबलो. समोर सह्याद्रीचा काळा कडा, थरावर थर. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा येत राहिला, थिजत राहिला, त्याचे हे थर. घाट उतरून रत्नागिरीकडे वळलं की मात्र सगळं लाल होतं. माती लाल, गडगे लाल, घरं लाल. लहानपणी मला वाटायचं हा दुसराच कुठलातरी दगड असणार. शाळेत अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे तीन कप्पे घोकले होते, त्यात जांभा कुठे बसतो ते बाईंनी सांगितलंच नाही. (परीक्षेला नव्हता ना!)

तर कोकणातला बहुतेक जांभा म्हणजे तोच काळा पत्थर, कुजलेला. ऊन आणि धो-धो पाऊस लाखो वर्षं आलटून पालटून मिळाला की पाणी दगडातलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून नेतं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं, म्हणून तो लाल. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोकांना हा दगड कापून घरं बांधताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट म्हटलं. लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून.

काकाने मला आधी शेजारच्या चालू खाणीवर नेलं. मशीनचं गोल पातं कातळात शिरत होतं, लाल धुरळा नुसता. ताज्या कापलेल्या चिऱ्यावर काकाने कोयता ओढला, तर खडूसारखी रेघ उठली. मग घरी आल्यावर आजोबांनी बांधलेल्या भिंतीवर तोच कोयता मारला. टण्ण! हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. जांभा जमिनीत ओला असतो तोवर मऊ, उघड्यावर येऊन सुकला की त्यातलं लोह घट्ट धरतं आणि तो कडक होतो. कोटीभर वर्षांच्या दगडाचं शेवटचं काम आमच्या ओटीवर चालू होतं म्हणायचं.

"मग करू ना सही?" मी विचारलं.

काका काही न बोलता सड्याच्या पायथ्याच्या विहिरीवर घेऊन गेला. मे महिना, तरी तळाशी हातभर पाणी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि तळच्या चिकण थरावर अडून बाजूने पाझरतं. सडा म्हणजे वाडीची टाकीच. ती कापून ट्रकने पाठवली की रोलबॅक नाही.

"तुला नको असेल तर सरळ नाही सांग की रे," मी म्हटलं.

"मला नको असं कुठे म्हटलं? दोन वर्षं आंबा गेला. सोसायटीचं कर्ज आहे. पण वाडीत राहायचंय मला, तुला नाही. म्हणून तुला दाखवलं."

यावर काय बोलणार? रात्री ओटीवर बसून दोघांनी कर्जाचा आकडा मांडला. निम्मा मी उचलू शकतो, हप्ते सांभाळून. उरलेल्या निम्म्याचं अजून काही जमलेलं नाही. खाणवाल्याला पावसाळ्यापर्यंत थांबायला सांगितलंय. कागद माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे, आणि बॅगेला लागलेली लाल धूळ काही निघत नाहीये.