रुग्णालयाची पारख

“तेथे गेलेला माणूस घरी परत येत नाही,” हे वाक्य आमच्या शहरातील एका मोठ्या रुग्णालयाविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या छातीत कळ आली, तेव्हा त्यांनीही हेच सांगून तेथे जाण्याचे साफ नाकारले आणि त्यांची समजूत घालण्यात मोलाचे दोन तास गेले. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या; परंतु त्या वाक्यात सत्य किती, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. इतर दवाखान्यांनी हात टेकले की रोगी तेथेच आणले जातात. मग तेथे मृत्यू अधिक घडले, तर दोष रुग्णालयाचा की रोगाचा?

हा प्रश्न जुनाच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत इंग्लंडमधील १०६ रुग्णालयांचे कोष्टक दिले. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचे मृत्युप्रमाण शेकडा ९०.८४ आहे! वस्तुतः तेथे दहांपैकी नऊ रोगी मरत नव्हते. वर्षभरातील मृत्यूंना वर्षभरातील रोग्यांनी न भागता, एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते. शिवाय कोठे कसले रोगी येतात याचा विचार त्यात नाही, असाही आक्षेप तत्कालीन डॉक्टरांनी घेतला.

तो विचार गणितात कसा आणावा, याचा एक मार्ग लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील प्राध्यापक ब्रायन जारमन यांनी दाखविला. हे गृहस्थ आधी भूभौतिकीचे अभ्यासक. वैद्यकाकडे ते मागाहून वळले. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या चार वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नुसते मृत्युप्रमाण पाहता ते रुग्णालयागणिक शेकडा ३.४ पासून १३.६ पर्यंत होते. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. रोग्याचे वय, लिंग, रोग, तो तातडीने आणला गेला की आधी ठरवून दाखल झाला, इत्यादी गोष्टी पाहून, अशा रोग्यांपैकी देशात सरासरीने किती दगावतात हे त्यांनी काढले. त्यांची बेरीज म्हणजे अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागून शंभराने गुणावे. उत्तर १०० आले तर ती देशाची सरासरी.

समजा, एका रुग्णालयात हजारांपैकी ६० रोगी दगावले, पण अपेक्षा ७५ मृत्यूंची होती. गुणोत्तर आले ८०. दुसऱ्यात हजारांपैकी २० च दगावले, पण अपेक्षा १६ मृत्यूंची होती. गुणोत्तर आले १२५. लोक ज्याला नावे ठेवतात तेच येथे सरस ठरले!

असा हिशेब करूनही इंग्लंडच्या रुग्णालयांत ५३ पासून १३७ पर्यंत अंतर उरलेच. खाटांच्या मानाने डॉक्टर जेथे अधिक, तेथे गुणोत्तर कमी असल्याचेही दिसून आले.

तथापि हा आकडा म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. नोंद चुकली की आकडाही चुकतो. पण नोंदीचे निमित्त करून तो झटकून टाकणेही घातकच. स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचे गुणोत्तर २००७ साली फार चढे दिसले, तेव्हा चालकांनी प्रथम नोंदींकडेच बोट दाखविले. पुढे झालेल्या चौकशांतून तेथील रोग्यांची भीषण हेळसांड उघड झाली. २०१३ सालच्या अहवालात ती सविस्तर वाचावयास मिळते. चढा आकडा इतकेच सांगतो, की येथे थांबा आणि आत जाऊन पाहा.

आमच्या शहरातील त्या रुग्णालयाचे असे गुणोत्तर कोणी काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आम्ही त्याची निंदा करीत नाही आणि स्तुतीही करीत नाही. विद्यार्थिमित्रहो, त्रैराशिक आणि सरासरी तुम्ही वर्गात शिकताच. तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातील कारकून झालात, तर रोगी दाखल होताना त्याचे वय, रोग आणि अवस्था नीट लिहून ठेवा. तेवढी नोंद हाती असल्यावाचून कोणालाच खरा हिशेब मांडता येणार नाही.