येवल्याची वाट आणि वन्संची पैठणी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणी आमच्या नगरला येऊन गेल्या असतील, पण बहुतेक जाता जाता! शिर्डीला जायचे किंवा शनिशिंगणापूरला, म्हणून नगरच्या स्टँडवर एक चहा. वेळ असलाच तर भुईकोट किल्ला, जिथे १९४२ ते ४५ पंडित नेहरू कैदेत होते आणि त्यांनी तो मोठा ग्रंथ लिहिला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे माहेर चोंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. त्यामुळे नाव शोभते खरे, पण चाळीस वर्षांची जिभेची सवय, माझ्या तोंडून अजून नगरच येते. तुम्ही सांभाळून घ्या.

आज मात्र मी तुम्हाला देवदर्शनाला नेणार नाही. नगर ते येवला अशी एक दिवसाची सहल आम्ही दोघींनी केली, मी आणि आमच्या वन्संनी, ती सांगणार आहे. सहल म्हटले खरे, पण कारण आनंदाचे नव्हते.

वन्सं श्रीगोंद्याला असतात. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. एका गुरुवारी संध्याकाळी, कळवणे नाही, काही नाही, एकट्याच दारात उभ्या. हातात कापडी पिशवी. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलल्या, आणि आमचे हे बाहेर पडल्यावर पिशवीतून एक पुडके काढून माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "वहिनी, कुणाला बोलू नका. आमच्या घरी तर अजिबात नको."

पुडक्यात जांभळ्या रंगाची एक साडी होती. साडी कसली, छापील झुळझुळीत कापड! पदरावर मोर छापलेला, काठावर पिवळा चकचकीत पट्टा, नखाने खरवडला तर निघेल असा. मोबाईलवर जाहिरात पाहिली होती म्हणे. येवल्याच्या विणकरांकडून थेट, दुकान बंद करीत आहोत, शेवटचे दोन दिवस, चाळीस हजारांची पैठणी साडेआठ हजारांत. भिशीचे पैसे हातात आलेले. लेकीला आईकडून म्हणून एक खरी पैठणी द्यायची, एवढीच हौस. पैसे आधीच भरले, आणि बारा दिवसांनी हे आले.

इथवर झाले असते तर साडेआठ हजारांवर भागले असते. पण वन्संनी परत करण्यासाठी त्या दुकानाचा फोन नंबर मोबाईलवर शोधला. जो सापडला त्यावर एक गोड बोलणारा माणूस होता. "मॅडम, लगेच रिफंड देतो, फक्त तुमच्या मोबाईलवर विनंती आली आहे ती उघडा आणि पिन टाका." पिन टाकला, आणि खात्यात पैसे यायच्या ऐवजी चौदा हजार गेले. ही गोष्ट झाल्याला आठ दिवस झाले होते. आठ दिवस ही बाई गप्प! जेवायला वाढत होती, आमंत्रणाच्या याद्या करीत होती आणि रात्री जागत होती. नवऱ्याला काय सांगायचे, हाच एक विचार.

तुम्ही म्हणाल, इतकी कशी भोळी? तसे म्हणू नका हो. वन्सं बारावी शिकलेल्या आहेत, भिशीचा हिशेब पैशापैशाने ठेवतात. फसवणारे आपल्या भोळेपणावर टपलेले नसतात. आपल्या हौसेवर आणि घाईवर टपलेले असतात. एक मात्र सगळ्यांनी आजच लक्षात ठेवा. मोबाईलवर पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, चौकोनी कोडही स्कॅन करावा लागत नाही. जो कोणी पैसे परत देतो म्हणून पिन मागेल किंवा मोबाईलवर दुसरे ॲप घ्यायला लावेल, त्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्या.

मी आधी आमच्या लेकीला हाक मारली. तिने १९३० हा नंबर फिरवला. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तक्रार नोंदली, तिचा क्रमांक मिळाला, बँकेलाही कळवले. पण तिकडच्या बाईंनी विचारलेच, "ताई, आठ दिवस का थांबलात?" चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरतात. पहिल्या काही तासांत कळवले तर वाटेत कुठेतरी ते अडवता येतात. आठ दिवसांनी काय राहणार! वन्सं खाली मान घालून पदराचे टोक पिळीत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना कापडबाजारात घेऊन गेले. नगरचा कापडबाजार पाहिला नसेल तर जरूर पाहा. शेजारीच मोची गल्ली, रस्ता अरुंद, सणासुदीला माणसाला माणूस घासते. पण दुकानातल्या पांढऱ्या गादीवर एकदा टेकले की दुकानदार पन्नास साड्या उलगडतो आणि एकही घेतली नाही तरी फारसा तोंड वाकडे करीत नाही. आमचे एक जुने दुकानदार आहेत, माझ्या लग्नाचा बस्ता त्यांच्याच वडिलांकडून झाला. त्यांनी ती साडी हातात घेतली आणि आधी उलटी केली. सुलटी बाजू बघितलीच नाही!

"ताई, साडी नेहमी मागून बघायची," ते म्हणाले. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर पुढून आणि मागून जवळजवळ सारखाच दिसतो. मोर मागेही मोरच असतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात हाताने अडकवून विणलेला असतो. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे, कापलेले धागे लोंबतात. मग त्यांनी आतल्या टोकाचा एक दोरा ओढून काडीने पेटवला. तो वितळला आणि त्याची काळी कडक गुठळी झाली. शेजारी खऱ्या रेशमाचा दोरा पेटवून दाखवला. त्याला केस जळल्यासारखा वास आला, आणि राख बोटांत चुरगळली. ही परीक्षा घरी करायची तर ताटलीत करा, पदराजवळ नको आणि मुलांसमोर मुळीच नको.

वन्संच्या मनाचे समाधान मात्र झाले नव्हते. म्हणाल्या, "खरी कशी असते ती एकदा बघायचीच." म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तारकपूरच्या स्टँडवरून एस. टी. धरली. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट, त्यामुळे तेवढी चैन परवडते.

नगर-मनमाड रस्त्याबद्दल नगरकराला काही विचारू नका, दुखरी जागा आहे. खड्डे मोजत बसलात तर झोप येईल, पण खड्डेच झोपू देत नाहीत. तरी दोन्ही बाजूंचा मुलूख बघण्यासारखा. विळदचा घाट उतरला की राहुरी, कृषी विद्यापीठाची मोठी शेते, उसाचे फड. पुढे कोल्हारला प्रवरेचा पूल, मग बाभळेश्वर, आणि राहाता आले की रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या. आम्ही खिडकीतून डझनभर घेतले, आणि मीठ-तिखट नसतानाही दोघींनी चार संपवले.

राहुरीजवळ शिंगणापूरचा फाटा लागला तेव्हा वन्संनी हात जोडले. शिंगणापूर तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या घरांना दारे नसण्याची रीत, चौकट असते पण कवाड नाही. २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली तीही कुलूप न लावण्याच्या बोलीवर, त्याचे तेव्हा केवढे कौतुक झाले होते! आणि त्याच गावच्या देवाच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजा-अभिषेक करतो म्हणून भाविकांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण २०२५ साली बाहेर आले. विधानसभेत त्यावर चर्चा झाली, सायबर पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. ज्या गावात घराला कडी नाही तिथे चोर शिरला तो मोबाईलमधून. मी हे वन्संना सांगितले तेव्हा त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे शनिदेवाचीसुद्धा गत माझ्यासारखीच!"

शिर्डीला एस. टी. अर्धी रिकामी झाली. एक गोष्ट इथेच सांगते. शिर्डीची खोली किंवा दर्शनाचा पास मोबाईलवरून काढायचा असेल तर संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधल्यावर सगळ्यात वर जे दिसते ते खरेच असते असे नाही, पुष्कळदा ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. दुकानांचेही तसेच. कुठल्याही दुकानाच्या पानावर तळाशी जाऊन बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव तिथे लिहिलेले असलेच पाहिजे. वन्संच्या त्या दुकानावर काय होते? नुसता एक व्हॉट्सॲप नंबर. पत्ता म्हणून फक्त 'येवला, महाराष्ट्र'. अहो, येवला काय वाडा आहे, की कुणालाही विचारावे आणि सापडावे!

कोपरगावला गोदावरी ओलांडली की थोड्या वेळात आपला जिल्हा संपतो. येवला नाशिक जिल्ह्यात. तात्या टोपे इथलेच. १९३५ साली बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही येवल्यातच. पण साडी नेसणाऱ्या बाईला येवला म्हणजे पैठणी. गल्लीतून चालताना घराघरांतून मागाचा खटक खटक आवाज येतो, तो कानाला फार गोड वाटला.

एका विणकराच्या घरी आम्हाला बसू दिले. मागावर नवरा, कांड्या भरायला बायको. पदर चालू होता. एका मोरासाठी किती रंगांच्या छोट्या छोट्या कांड्या लोंबत होत्या, मोजता मोजता मी चुकले. एक धागा घालायचा, शेजारच्याला अडकवायचा, मग दुसरा. अर्धा तास बसलो तरी मोराची मान काही पुरी झाली नाही. वन्संनी विचारले, पुरी व्हायला किती दिवस? बाई म्हणाल्या, साधी असली तर महिना, पदर भरगच्च असला तर कितीही महिने, वर्षसुद्धा. वन्सं मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, महिनाभर दोन माणसे बसतात. साडेआठ हजारांत त्यांनी खायचे काय आणि रेशीम आणायचे कुठून?" हा हिशेब त्यांचा त्यांनीच केला, मी काही बोलले नाही.

मग वन्संनी पिशवीतली साडी काढून त्या बाईंना दाखवली. मला वाटले त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या गावाचं नाव घालतात आणि हे विकतात. लोक आम्हाला येऊन बोलतात." २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे येवला आणि पैठण भागात त्या पद्धतीने विणलेल्यालाच ते नाव लावता येते. पण फोटो चोरणाऱ्याला मानांकनाचे काय! फोटो खऱ्या पैठणीचा असतो, येते ते भलतेच. रेशमासाठी सिल्क मार्कचे लेबल बघा, त्यावर होलोग्राम आणि क्रमांक असतो. हातमागाचे चिन्ह वेगळे, हँडलूम मार्क. दोन्ही एकच नव्हेत. यंत्रावर विणलेल्या साडीलाही रेशीम शुद्ध असेल तर सिल्क मार्क मिळू शकतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसते.

आणि सेमी पैठणीला नाक मुरडू नका. ती सेमी म्हणून, सेमीच्या भावात, बिलावर तसे लिहून विकली तर त्यात फसवणूक काही नाही. आपल्यातल्या कितीजणी तीच हौसेने नेसतो.

परतीच्या एस. टी. त मागच्या बाकावरच्या एका बाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि त्यांचीही कहाणी सुरू झाली. नामांकित कंपनीचा म्हणून स्वस्तात मागवलेला कुकर, आणि त्यावर आयएसआय चिन्हच नाही. हे साडीपेक्षा वाईट, साडी काही फुटत नाही! २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे कुकर विकू दिल्याबद्दल मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला होता. म्हणजे मोठे नाव आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे असे नाही. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपवर घालून बघता येतो, दागिन्यावरच्या हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांकसुद्धा. त्या बाईंना मी १९१५ हा ग्राहकांच्या मदतीचा नंबर दिला. पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा म्हणजे पुरावा राहतो, हेही सांगितले. आणि प्रकरण मिटलेच नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

रात्री घरी पोचल्यावर वन्संनी स्वतःहून फोन हातात घेतला. मी उठून जायला लागले, तर म्हणाल्या, "बसा वहिनी." आणि यजमानांना सगळे सांगितले, साडेआठ हजार, चौदा हजार, आठ दिवस. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. माझ्याच छातीत धडधडायला लागले. मग तिकडून घसा खाकरल्याचे ऐकू आले. ते म्हणाले, गेल्या पावसाळ्यात त्यांनीही मोबाईलवरून फवारणीचा पंप मागवला होता, सहा हजारांचा. आला तो प्लॅस्टिकचा, मुलांच्या खेळण्यातला. घरात कुणाला सांगितले नव्हते.

"कुठे आहे तो?" वन्संनी विचारले.

गोठ्याच्या माळ्यावर, पोत्याखाली.

लेकीला लग्नात कापडबाजारातली सेमी पैठणी दिली, जांभळीच, बिलासकट. चौदा हजारांचे अजून काही कळलेले नाही.