भुसा

लकडगंजात लहानपण गेलेल्या माणसाला घड्याळ लागत नसे. सकाळी आरा मशीनचा कर्कश आवाज सुरू झाला, की शाळेची वेळ झाली म्हणून समजायचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडून सागवानाचे ट्रक येत. ओल्या लाकडाचा वास आजही आला की मला आधी दादा आठवतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. 1959 साली तो एका आरा मशीनवर लागला आणि 2001 पर्यंत तिथेच राहिला. माझ्या बी.ए.ची फी त्याच्या हप्त्यातून भरली गेली. मी मास्तर झालो, तो मशीनवरच राहिला.

संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, हातावरची लव, सगळं पिवळं झालेलं असायचं. आई त्याला अंगणातच कपडे झटकायला लावायची. नाकाला बांधलेला दुपट्टा हे त्याचं एकमेव संरक्षण. उन्हाळ्यात तोही सोडून द्यायचा. मालक भुशाचं पोतं फुकट नेऊ देत आणि त्याच भुशाच्या शेगडीवर आमचा स्वयंपाक व्हायचा. भुसा म्हणजे आम्हाला बरकत वाटायची! त्यात काही वाईट असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

2009 मध्ये त्याची एक नाकपुडी बंद राहू लागली. मग रक्त येऊ लागलं. दवाखान्यात विचारलं, "खर्रा खाता का? बिडी ओढता का?" दादाने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. "काम काय करत होते?" हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. नाकाच्या आतल्या पोकळीत कर्करोग निघाला. अकरा महिन्यांत दादा गेला.

नंतर पुतण्याने इंटरनेटवर शोधून मला वाचायला दिलं. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये हाय विकम भागातल्या फर्निचर कारागिरांमध्ये हाच दुर्मिळ आजार फार दिसतो, हे तिथल्या डॉक्टरांनी ओळखलं. 1969 मध्ये तिथे तो भरपाईयोग्य व्यवसायजन्य आजार ठरला. म्हणजे दादाला मशीनवर लागून दहाच वर्षं झाली होती तेव्हा. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाची नोंद कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून केली. तेव्हाही दादा मशीनवरच होता.

मी वकिलाकडे गेलो. वकील भला माणूस. म्हणाला, "सर, हजेरीपत्रक आहे का? पगाराची पावती? विम्याचं कार्ड?" काही नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या नोकरीचा एक चिटोराही नाही. 1923 च्या भरपाई कायद्यातल्या आजारांच्या यादीत सिलिकोसिस होता, शिसं-पारा होता, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस होता, पण लाकडाच्या भुशाच्या कर्करोगाचं नाव नव्हतं. शिवाय काम सोडल्यावर लक्षणं दिसण्यासाठी कायद्याने दोन वर्षं धरलेली. दादाचं दुखणं आठ वर्षांनी वर आलं. हा रोग वीस-तीस वर्षं दबा धरून बसतो, त्याला दोन वर्षांचा हिशेब कुठून कळणार?

दादाचा आजार भुशामुळेच झाला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मालकही दुष्ट नव्हता. तेराव्याला पाकीट घेऊन आला, वहिनींसमोर डोळे पुसले. पण ती मदत होती, हक्क नव्हे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं होतं, की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं जपून ठेवा. दादाची नोंदच नव्हती, जपणार काय?

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. चांगलंच झालं. पण तो नियम दहा वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना. दादाच्या मशीनवर सातजण होते.

2023 मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उभं राहिलं, त्याला सागवान नागपूरचं गेलं. वाचून छाती फुगली. लगेच मनात आलं, लाकूड तिथवर पोचलं, भुसा मात्र इथेच राहिला.

मी तीस वर्षं पोरांना अर्जाचा नमुना शिकवला. "महोदय, वरील विषयास अनुसरून..." मशीनवाल्यांची कितीतरी पोरं वर्गात होती. तुमच्या बापाचा हजेरीचा कागद जपून ठेवा, असं एकदाही सांगितलं नाही. भावालासुद्धा नाही. ही चूक माझी, ती कुठल्या कायद्यावर ढकलता येत नाही.

मागच्या महिन्यात कपाट करायला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. घासण्याचं मशीन चालवत होता, नाक उघडंच. त्याला आधी मास्क आणून दिला, मग एक दोनशेपानी वही. म्हटलं, कुठे, कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत काम केलंस, सगळं लिही. मजुरी मिळाली की तारीख टाक.

तो हसला. "सर, आता बी होमवर्क देता का जी?"

हो रे बाबा. आणि हा मी तपासणार आहे.